गव्यावरचा विकिपीडिया लेख कसा सुधारावा: सातारा-सांगलीच्या लोकांसाठी

पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या बाजूला उसात गवा दिसला की दोन गोष्टी हमखास होतात. वनखात्याला फोन जातो, आणि त्याच संध्याकाळी बरेच लोक मोबाइलवर ‘गवा’ असं टाकून शोधत बसतात. शोधताना विकिपीडियाचा लेख समोर येतोच. हा लेख कुणी पगारी माणूस लिहीत नाही, तुमच्याआमच्यातलेच लोक लिहितात. ज्यांच्या शिवाराला खेटून गवा राहतो, त्यांनी त्यात भर घालावी हे उघड आहे. पण ती भर टिकावी, दुसऱ्या दिवशी कुणी पुसून टाकू नये, असं वाटत असेल तर काही रीत पाळावी लागते. ती रीत इथे क्रमाने मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. तो लेख गव्याचा आहे, कोयना-चांदोलीचा नाही. गवा भारत, नेपाळ, भूतानपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम ते थेट मलेशियाच्या द्वीपकल्पापर्यंत आढळतो. आपल्याकडच्या लोकांची बरीच संपादनं हे विसरल्यामुळे उडतात.

आधी वाचन, मग खातं

लेख उघडा आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचा. कागदावर तीन रकाने करा: चूक काय आहे, संदर्भ कुठे नाही, राहून काय गेलंय. मग वरच्या ‘इतिहास पहा’वर टिचकी मारून कुणी, कधी, काय बदललं ते चाळा. ‘चर्चा’ पानही बघा. तुम्ही जे घालणार आहात त्यावर आधीच वाद होऊन गेला असेल, तर तो तिथे सापडेल.

त्यानंतर खातं काढा. खऱ्या नावाने काढलंच पाहिजे असं नाही, पण संस्थेच्या, दुकानाच्या किंवा गावच्या मंडळाच्या नावाने काढू नका. एक खातं म्हणजे एक माणूस असं तिथे धरलं जातं. खातं असलं की तुमच्या नावाने एक धूळपाटी मिळते. तिथे काहीही गिरवा, मोडा, पुन्हा लिहा, कुणी ओरडत नाही. नवख्याने पहिले चार-सहा परिच्छेद तिथेच लिहावेत आणि मनासारखे झाले की लेखात न्यावेत.

मराठी टाइप करायला मोबाइलवरचा कळफलक पुरतो. संगणकावर विकिपीडियाची स्वतःची अक्षरांतरणाची, म्हणजे रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटण्याची, सोय आहे. लिहायच्या चौकोनात असताना कंट्रोल आणि एम ही बटणं एकत्र दाबली की ती चालू-बंद होते. भाषा मात्र लेखी, प्रमाण ठेवा. मी इथे ‘असतं’, ‘दिसतं’ असं लिहितोय, पण कोशात ‘असते’, ‘दिसते’ असंच लिहायचं.

संदर्भ: सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा

‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’ हा विकिपीडियावर पुरावा होत नाही. ऐकायला हे उर्मट वाटतं, आणि आयुष्यभर जंगलात गुरं चारलेल्या माणसाला तर ते फारच लागतं. पण वाचणारा पुण्यात किंवा परदेशात बसलाय. त्याला तुमचं पाहणं तपासता येत नाही, छापलेलं पान तपासता येतं. म्हणून प्रत्येक विधानामागे कुठेतरी प्रकाशित झालेला, कुणालाही पडताळता येईल असा आधार हवा.

गव्यासाठी आधार कुठून मिळेल, ते वजनानुसार सांगतो. पहिल्या रांगेत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी, शास्त्रीय नियतकालिकांतले लेख आणि सस्तन प्राण्यांवरचे मान्य ग्रंथ. दुसऱ्या रांगेत वनखात्याचे प्रसिद्ध झालेले अहवाल आणि व्यवस्थापन आराखडे. तिसऱ्या रांगेत वर्तमानपत्रं. शेवटी, किंवा खरं तर नकोच, ते यूट्यूबवरचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर आणि पर्यटनाच्या जाहिराती. रिसॉर्टच्या संकेतस्थळावर ‘इथे गवा हमखास दिसतो’ असं लिहिलेलं असतं, त्याला कोशात किंमत शून्य.

वाईचा मराठी विश्वकोश हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि आता नोंदी ऑनलाइनही वाचता येतात. प्राण्यांच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत, संदर्भ म्हणून जरूर द्या. मात्र तिथला परिच्छेद उचलून विकिपीडियावर चिकटवू नका. मराठी विकिपीडियावर नवख्यांकडून होणारा हा अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि ‘आपल्याच भाषेचं आहे, आपलंच आहे’ हे कारण प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कायद्यात बसत नाही. वाचा, पुस्तक मिटा, स्वतःच्या वाक्यांत लिहा आणि विश्वकोशाचा हवाला द्या. शिवाय छापील नोंदींना काही दशकं झाली आहेत. शरीररचना बदलत नाही, पण संख्या, कायदा आणि शास्त्रीय नाव बदलतं. तेवढं नव्या स्रोतावरून घ्या.

जुन्या गॅझेटियरचा मोह इतिहासाची आवड असलेल्यांना फार होतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला १९ वा खंड सातारा जिल्ह्याचा, साल १८८५. तो केव्हाच प्रताधिकारमुक्त झालाय, त्यामुळे त्यातला उतारा जसाच्या तसा द्यायलाही अडचण नाही. पण त्यातला ‘सातारा’ म्हणजे आजचा सातारा नव्हे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधीच्या पुस्तकात ‘सातारा जिल्ह्यात अमुक प्राणी आढळतो’ असं असेल तर तो वाळवा-शिराळ्याच्या भागातलाही असू शकतो. म्हणून नुसतं ‘साताऱ्यात’ न लिहिता ‘तत्कालीन सातारा जिल्ह्यात’ असं लिहा, आणि सालही द्या.

आता आकड्यांविषयी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चांदोलीत इतके गवे’ अशी बातमी येते. तो आकडा त्या रात्री, त्या पाणवठ्यांवर दिसलेल्या प्राण्यांचा असतो. जंगलात एकूण किती गवे आहेत याचा तो अंदाज नव्हे. एकच कळप दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतो, आणि ज्या जंगलात मेच्या अखेरीपर्यंत ओढे वाहतात तिथे बरेच प्राणी मचाणापाशी फिरकतही नाहीत. असा आकडा द्यायचाच असेल तर ‘अमुक वर्षीच्या पाणवठा गणनेत इतके गवे दिसल्याची नोंद आहे’ असं लिहा. ‘गव्यांची संख्या इतकी आहे’ असं लिहू नका. फरक शब्दांचा वाटतो, पण पुढच्या वर्षी कुणी दोन गणनांची वजाबाकी करून ‘गवे घटले’ असं ठोकून देतो, आणि त्याला तुमचाच लेख आधाराला मिळतो.

संदर्भ जोडायला यथादृश्य संपादकात, म्हणजे पान जसं दिसतं तसंच बदलता येतं त्या संपादन-पडद्यात, ‘संदर्भ द्या’ असं बटण आहे. दुवा टाकला तर बरेचदा लेखाचं नाव, दिनांक वगैरे आपोआप भरलं जातं. मराठी वृत्तपत्रांच्या दुव्यांत मात्र ते अर्धवट किंवा चुकीचं येतं, तेव्हा हाताने नीट करा: मथळा, वृत्तपत्र, आवृत्ती, दिनांक, कधी पाहिलं. पुस्तक असेल तर पान क्रमांक हवाच. पान क्रमांक नसलेला संदर्भ तपासायचा म्हणजे सबंध पुस्तक वाचायचं, आणि ते कुणी करत नाही. वृत्तपत्रांचे दुवे काही वर्षांत मरतात, म्हणून इंटरनेट अर्काइव्हवर त्या पानाची प्रत साठवून तोही दुवा शेजारी द्यावा.

बातमीची भाषा काढून टाका

आपल्याकडे गव्याविषयी सगळ्यात जास्त मजकूर बातम्यांतूनच येतो, आणि बातमीची स्वतःची एक भाषा असते. गवे ‘धुमाकूळ घालतात’, ‘दहशत माजवतात’, ‘मानवी वस्तीत घुसखोरी करतात’, शेतकरी ‘हवालदिल’ होतात, वनविभाग ‘अखेर यशस्वी’ होतो. बातमीचा संदर्भ देताना यातला एकही शब्द लेखात येऊ देऊ नका.

समजा बातमीत आहे: ‘गव्यांच्या कळपाचा उसात धुमाकूळ, बळीराजा भयभीत.’ यात कोशात नेण्यासारखं किती आहे? गवे संरक्षित जंगलालगतच्या शेतात येतात, ऊस खातात आणि तुडवतात, नुकसान होतं. एवढंच. मग वाक्य असं बनवा: ‘संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांमध्ये गवे उसासारख्या पिकांत चरण्यासाठी येतात व पिकांचे नुकसान करतात.’ कोरडं आहे, तसंच हवं. शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल तुमच्या मनात राग असेल तर तो रास्तच आहे, पण त्याची जागा पेपरातलं पत्र किंवा ग्रामसभा. उलट प्राणिप्रेमी मंडळी ‘आपणच त्यांच्या घरात घुसलो आहोत’ असं वाक्य घालून जातात. तेही काढायचं. धरणं, रस्ते, बदललेली पीकपद्धती यांचा परिणाम कुणी अभ्यासून छापला असेल तर तो अभ्यास काय म्हणतो ते लिहा.

‘गवा आक्रमक असतो’ या वाक्यावर विशेष नजर ठेवा. गवा मुळात बुजरा प्राणी. माणसाचा वास आला की फुत्कारून कळप जंगलात सटकतो. जखमी झालेला, कोंडीत सापडलेला किंवा गर्दीने पाठलाग केलेला गवा मात्र अंगावर येतो, आणि मग त्या वजनापुढे कुणाचं काही चालत नाही. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये शिरलेला गवा पकडण्याच्या धावपळीत मेला, त्यामागेही बघ्यांची झुंबड होती. वर्षभराने, २०२१ च्या डिसेंबरात, सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत एक गवा पोचला होता. अशा घटना लेखात किती घ्यायच्या? माझं मत विचाराल तर एका वाक्यात, आणि तेही गव्याच्या वागण्याविषयी काही सांगत असतील तरच. प्रत्येक गावातल्या प्रत्येक दर्शनाची तारीखवार यादी म्हणजे वनखात्याचं रजिस्टर, कोश नव्हे.

जीवचौकट भरताना

लेखाच्या उजव्या कडेला जी माहितीची पेटी दिसते, तिला मराठी विकिपीडियावर जीवचौकट म्हणतात. ती भरणं सोपं आहे आणि चुका तिथेच सर्वांत जास्त होतात, कारण लोक ती इतर भाषांतून न बघता उतरवून घेतात.

शास्त्रीय नाव बॉस गॉरस. लेखात ते रोमन लिपीत, तिरप्या ठशात द्यायचं, पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू आणि दुसरा लहान. नाव देणारा चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ, वर्ष १८२७. काही जुन्या पुस्तकांत बॉस फ्रॉन्टॅलिस असं नाव मिळेल. ते आता ईशान्य भारतात पाळतात त्या मिथुन या जनावरासाठी वापरलं जातं. प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये तसा निर्णय दिला. जुनं पुस्तक बघून कुणी नाव ‘दुरुस्त’ केलं तर हा निर्णय दाखवून शांतपणे परत फिरवा. कूळ गाय-म्हशीचंच, बोव्हिडी. गवा ‘बायसन’ नाही. इंग्रजांनी त्याला इंडियन बायसन म्हटलं आणि आपल्याकडे दाजीपूरच्या पाटीवरही ते चढलं, पण अमेरिका-युरोपातल्या बायसनशी त्याचं नातं लांबचं आहे. तो गायीच्याच ‘बॉस’ या गटातला, आज जिवंत असलेल्या रानटी गोवंशातला सगळ्यात मोठा.

संवर्धनाची स्थिती लिहिताना पेपरातले ‘दुर्मीळ’, ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ हे शब्द चालणार नाहीत. लाल यादीत गव्याचा दर्जा ‘असुरक्षित’ असा आहे आणि तो १९८६ पासून आहे. ‘संकटग्रस्त’ ही त्याच्या वरची, अधिक धोक्याची पायरी. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो येतो. २०२२ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या अनुसूची सहाच्या चार झाल्या, पण गवा पहिल्याच अनुसूचीत राहिला. वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स करारातही तो पहिल्या परिशिष्टात आहे. हे तिन्ही वेगवेगळे आहेत. एकाच वाक्यात कोंबले की वाचणारा गोंधळतो.

भाषांतर यंत्रावर सोडू नका

इंग्रजी लेख मोठा आहे, त्यावरून मराठी करायला विकिपीडियाचंच भाषांतराचं साधन मिळतं. कच्चा मजकूर म्हणून ते ठीक. मात्र यंत्राने दिलेला मजकूर न बघता प्रकाशित केला तर तो बहुतेक वेळा काढला जातो, आणि काढावाच.

आपल्याकडचा शेतकरी यात यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. यंत्र नर गव्याला ‘बैल’ करतं. खच्ची केल्याशिवाय बैल होत नाही हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला सांगावं लागत नाही. ‘नर गवा’ किंवा ‘नर’ असं सरळ लिहा. पायांचा रंग सांगताना यंत्र ‘पांढरे मोजे घातलेले’ असं काहीतरी लिहितं. मराठीत ‘गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय पांढरट’ असं सरळ सांगता येतं. गळ्याखाली लोंबते ती पोळी, हा शब्द आपल्याकडे रोजचा आहे.

पाठीच्या उंचवट्याला ‘वशिंड’ म्हणायचं का, हा प्रश्न हटकून येतो. म्हणू नका. खिलार बैलाचं वशिंड हा मांसाचा आणि चरबीचा गोळा असतो. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जो कणा उठून दिसतो तो मणक्यांच्या लांब वाढलेल्या काट्यांमुळे. तो पाठीच्या मध्यावर एकदम संपतो, म्हणून बाजूने पाहिलं तर पाठीला पायरी दिसते. म्हणून ‘पाठीचा उंचवटा’ असं लिहावं. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. जून नर जवळजवळ काळा, मादी आणि वासरं तपकिरी. हे सगळं संदर्भासह चार-पाच वाक्यांत बसतं.

रोगांच्या भागात तर मराठी शब्द आयते तयार आहेत: लाळ्या-खुरकूत आणि बुळकांडी. १९६८ मध्ये कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात बुळकांडीच्या साथीने गव्यांचे कळपच्या कळप गेले. हा रोग २०११ मध्ये जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे त्याविषयी भूतकाळात लिहा. लाळ्या-खुरकूत मात्र आजही आहे, आणि जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गुरांपासून तो गव्यांना होऊ शकतो. गुरांचं लसीकरण आणि गव्यांचं आरोग्य यांचा संबंध सांगणारा परिच्छेद आपल्या भागातल्या वाचकाला कामाचा ठरतो. पशुवैद्यकाच्या ओळखीतून चांगला संदर्भ मिळाला तर तो जरूर घाला.

आपला जिल्हा किती घ्यायचा?

प्रसाराच्या भागात महाराष्ट्राला एक परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ. त्यात राधानगरी, कोयना, चांदोली यांची नावं यायलाच हवीत. राधानगरी अभयारण्य १९५८ चं, आणि ते गव्यामुळेच ओळखलं जातं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकूण क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटरच्या आसपास, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत. गव्याच्या लेखात एवढं बास.

बाकीचं तुमच्या मनात जे उतू जातंय, शिवसागर आणि वसंतसागर जलाशय, पुनर्वसित गावं, प्रचितगड, झोळंबीचा सडा, त्यासाठी कोयना आणि चांदोलीचे स्वतंत्र लेख आहेत. तिथे भरा आणि गव्याच्या लेखातून दुवा द्या. ‘कोयना’ म्हणताना धरण, नदी की अभयारण्य हे बघून दुवा जोडा. तिन्ही निराळी पानं आहेत आणि चुकीचे दुवे जागोजागी दिसतात. लोक ‘रानगवा’, ‘गवारेडा’ असंही शोधतात. त्या नावांची पानं नसतील तर मूळ लेखाकडे जाणारं पुनर्निर्देशन करून ठेवा. नवा लेख काढू नका.

जागेच्या वाटणीत बाहेरच्या, पण महत्त्वाच्या गोष्टींना जागा हवी. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमधून गवा नाहीसा झाला होता. २०११ आणि २०१२ मध्ये कान्हातून ५० गवे आणून तिथे पुन्हा वसवले. अमेरिकेत आयोवा राज्यात जानेवारी २००१ मध्ये एका साध्या गायीच्या पोटी क्लोन केलेला गवा जन्मला. नोआ हे त्याचं नाव. धोक्यात असलेल्या प्रजातीचा तो पहिला जन्मलेला क्लोन, दोन दिवसांत हगवणीने दगावला. या दोन्ही गोष्टी गव्याच्या लेखात आपल्या मार्केट यार्डापेक्षा आधी येतात, हे कबूल करायला जरा जड जातं खरं. गोव्याचा राज्यप्राणी गवा आहे, हेही एका वाक्यात. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरच्या लाल बैलांचं मूळ थायलंडच्या ‘लाल गवा’ अशा अर्थाच्या नावाच्या पेयात आहे, ही माहिती खरी आणि मजेची आहे, पण असल्या गमती दोनाच्या वर गेल्या की लेखाचा दर्जा घसरतो.

फोटो

इथे सातारा-सांगलीचा माणूस जगात कुणालाही भारी पडू शकतो. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचा असतो, तिथून तो सगळ्या भाषांतल्या लेखांत वापरता येतो. अट एकच: फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा. गटावर आलेला, पेपरातून कापलेला, वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यातला, सरकारी संकेतस्थळावरचा, यातलं काही सहसा चालत नाही. चढवताना तुम्ही मुक्त परवाना देता, म्हणजे उद्या कुणी तो कॅलेंडरवर छापला तरी तुमचं नाव आणि परवाना नमूद केला की त्याला तुम्हाला विचारावं किंवा पैसे द्यावे लागत नाहीत. हे पटत नसेल तर तो फोटो स्वतःकडेच ठेवा.

कसला फोटो हवाय तेही बघा. अंधारात चमकणारे डोळे आणि गाडीच्या दिव्यात पळणारं ढुंगण भरपूर आहेत. पूर्ण बाजूने उभा नर, ज्यात पाठीची पायरी दिसते, मादी आणि वासरू, चिखलातला खुराचा ठसा, शेजारी मोजपट्टी, शेण, साल सोललेलं झाड, खाल्लेल्या उसाचा फड. शेवटचे चार तर गवा समोर नसतानाही मिळतात. गव्याच्या मागे चालत जाऊन फोटो काढायचा नाही, आणि जंगलात परवानगीशिवाय शिरायचं नाही, हे इथल्या माणसाला मी काय सांगू.

मोबाइल फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश चिकटलेले असू शकतात. गव्यासाठी तालुक्याचं नाव पुरे, नेमकी जागा काढून टाका. वाघाच्या, बिबट्याच्या किंवा घरट्याच्या फोटोत तर ती ठेवूच नका.

जतन करताना आणि नंतर

एका वेळी एकच प्रकारचा बदल करा. आज फक्त संदर्भ जोडा, उद्या रोगांचा परिच्छेद. अख्खा लेख एका झटक्यात बदलला तर कुणालाही तुमचं बरं आणि वाईट वेगळं काढता येत नाही, आणि मग सगळंच परतवलं जातं. ‘झलक पहा’ दाबून वाचा. खालच्या बदलांच्या आढाव्यात एक ओळ लिहा: ‘लाल यादीनुसार दर्जा दुरुस्त, संदर्भ जोडला’. रिकामा आढावा संशयास्पद दिसतो. मग ‘बदल प्रकाशित करा’.

थोड्या वेळाने तुमच्या पानावर संदेश आला तर आधी बघा, माणसाचा आहे की सांगकाम्याचा. सांगकाम्या म्हणजे नेमून दिलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम. तो दुवे, वर्ग, विरामचिन्हं नीट करतो, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. माणसाने तुमचा बदल परतवला असेल तर लगेच पुन्हा घालू नका. चर्चा पानावर जा, कुठलं वाक्य, कुठला संदर्भ ते लिहा, शेवटी चार नागमोडी चिन्हं (~~~~) टाकली की सही आणि वेळ आपोआप उमटते. समोरच्याला ‘तुम्ही कधी जंगल पाहिलंय का’ असं विचारण्याचा मोह आवरा. त्याने पाहिलेलं नसेलही, पण संदर्भाबद्दलचं त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. दोन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विषय मांडा. तिथे जुनेजाणते सदस्य आणि प्रचालक (पानं संरक्षित करण्याचे जादा अधिकार असलेले सदस्य) येत असतात.

लेखाच्या वरचा तारा दाबून तो पहाऱ्याच्या सूचीत घ्या. एरवी महिनोन्महिने काही होत नाही. ऊसतोड सुरू झाली, फड मोकळे झाले आणि एखादा गवा वस्तीत आला की मात्र दोन दिवसांत लेखावर झुंड येते: कुणी गावाचं नाव घालतं, कुणी मृताचं नाव-पत्ता, कुणी शिव्या. मृत किंवा जखमी माणसाचं नाव तर ताबडतोब काढा. बाकीच्या बातमीवजा भरीबाबत चर्चा पानावर लिहा की चौकशी पूर्ण होऊन विश्वासार्ह माहिती छापून आल्यावर एक वाक्य घेऊ. तरीही थांबत नसेल तर प्रचालकांना त्या पानाला काही दिवसांसाठी अर्धसंरक्षण द्यायला सांगा, म्हणजे नवी आणि निनावी खाती तेवढ्यापुरती बाहेर राहतात. विनंतीत परतवलेल्या आवृत्त्यांचे दुवे जोडा. ते नसतील तर प्रचालक विचारतातच.